एक टेराहर्ट्झ पाहिजे तर रुंदी नंतर पाहू, आधी उष्णतेची वाट काढ

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सी फिजिक्स करून राहिलेल्या पोराचा प्रश्न आहे. त्याचं म्हणणं असं, "काकाजी, सुपरकंडक्टरमधून टेराहर्ट्झ काढणाऱ्या डिव्हाइसच्या डिझाइनवर प्रोजेक्ट घेतला. सूत्रात आकडे टाकले तर १ टेराहर्ट्झसाठी मेसाची, म्हणजे क्रिस्टलवर कोरलेल्या उंचवट्याची, रुंदी ३६ मायक्रॉन आली, मग डिझाइन झालंच ना? लिक्विड नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यात असते, त्यात बुडवून चालवता येईल का? आणि पुढे यानं कापसातला ओलावा मोजता येईल का?"

भाऊ, ३६ मायक्रॉन बरोबर आहे, गणित चुकलं नाही. पण त्याला डिझाइन म्हणत नाहीत. या बिस्मथवाल्या क्रिस्टलमध्ये माझी बरीच वर्षं गेली, आता गावाकडेच असतो, आणि माझं मत विचारशील तर या डिव्हाइसचं डिझाइन बारा आणे उष्णतेचं असते, चार आण्यात बाकी सगळं येते. अँटेनाच्या पुस्तकातून सुरुवात केली की पोट्टे इथंच फसतात, रुंदी काढतात, लांबी काढतात, छान चित्र काढतात आणि तो मेसा त्या व्होल्टेजपर्यंत पोचतच नाही.

आधी मुळातलं थोडक्यात सांगतो, कारण पुढचा हिशोब त्यावरच आहे. दोन सुपरकंडक्टरच्या, म्हणजे खूप गार केल्यावर रेझिस्टन्स शून्य होणाऱ्या पदार्थांच्या, मधात पातळ इन्सुलेटर ठेवला (यालाच जोसेफसन जंक्शन म्हणतात) आणि त्यावर डीसी व्होल्टेज लावलं की आतला करंट स्वतःहून एसी होऊन हलायला लागतो, हे ब्रायन जोसेफसननं १९६२ मध्ये सांगितलं. १ मिलिव्होल्टला ४८३.६ गिगाहर्ट्झ, मटेरियल कोणतंही असो हा आकडा बदलत नाही. म्हणजे २ मिलिव्होल्टच्या थोडं वर गेलं की १ टेराहर्ट्झ, म्हणजे १००० गिगाहर्ट्झ, इतकं सोपं आहे, मग अडते कुठे? एक तर नायोबियमसारख्या नेहमीच्या सुपरकंडक्टरची एनर्जी गॅप लहान, साधारण ७०० गिगाहर्ट्झच्या वर तो स्वतःच ती लहर खाऊन टाकतो. दुसरं म्हणजे एका जंक्शनमधून निघणारी पॉवर नगण्य, हजारो जंक्शन एका सुरात चालवली तरच काही हाती लागते, आणि हजारो जंक्शन हुबेहूब एकसारखी बनवणं कोणत्याही लॅबला जड जाते.

इथं बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, कॉपर आणि ऑक्सिजनचा क्रिस्टल कामी येतो, लॅबमध्ये त्याला बिस्को म्हणतात. १९८८ मध्ये जपानमध्ये सापडला, आपल्या कामाच्या प्रकाराचं क्रिटिकल टेम्परेचर, म्हणजे ज्याच्या वर तो सुपरकंडक्टर राहत नाही ते तापमान, ८५-९० केल्विनच्या घरात. याच्यात कॉपर ऑक्साइडचे सुपरकंडक्टिंग थर आणि मधले बिस्मथ-स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचे इन्सुलेटिंग थर निसर्गानंच एकावर एक रचले आहेत, दर १.५ नॅनोमीटरला एक जंक्शन, म्हणजे १ मायक्रॉन उंचीत साडेसहाशेच्या वर जंक्शन आयतीच मिळतात. ही जंक्शन खरंच जोसेफसन जंक्शनसारखी वागतात हे १९९२ मध्ये क्लायनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, पण त्यातून ढंगाचं रेडिएशन बाहेर यायला २००७ उजाडलं. मधली पंधरा वर्षं बहुतेक लोक बाहेरून मॅग्नेटिक फील्ड लावून आत तयार होणारे करंटचे भोवरे, म्हणजे व्होर्टेक्स, पळवत होते आणि ते व्होर्टेक्स एका रांगेत यायच्या ऐवजी तिरपे-तिरपे बसत, शेजारच्या थरांच्या लहरी एकमेकींना मारून टाकत. २००७ ला अमेरिकेतली आर्गॉन नॅशनल लॅब (नावच तसं, आर्गॉन वायूशी संबंध नाही), जपानचं त्सुकुबा विद्यापीठ आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी फील्ड वगैरे काही न लावता क्रिस्टलवर ३०० मायक्रॉन लांब आणि ४० ते १०० मायक्रॉन रुंद असा सपाट माथ्याचा उंचवटा कोरला, तोच मेसा, आणि त्यालाच कॅव्हिटी, म्हणजे लहर आत घुमवणारी पेटी, बनवलं. ०.३६ ते ०.८५ टेराहर्ट्झ मिळालं, पॉवर अर्धा मायक्रोवॅट. तुझं सूत्र तिथलंच आहे: रुंदीत अर्धी वेव्हलेंग्थ मावली पाहिजे, म्हणून फ्रिक्वेन्सी बरोबर प्रकाशाचा वेग भागिले दोन, अपवर्तनांक आणि रुंदी यांचा गुणाकार. अपवर्तनांक ४.२ धरला तर ८० मायक्रॉनला ०.४५ टेराहर्ट्झ येतात आणि ३६ ला १.

आता उष्णतेचा हिशोब कर, कागद घेऊन बस, इथंच खरी गंमत आहे.

८० बाय ३०० मायक्रॉनचा, १ मायक्रॉन उंच मेसा घे. ०.४५ टेराहर्ट्झसाठी दर जंक्शनला साधारण ०.९२ मिलिव्होल्ट लागेल, ६५० जंक्शन म्हणजे ०.६ व्होल्ट. करंट डेन्सिटी शंभर अँपियर प्रति चौरस सेंटिमीटर धरली तर २४ मिलिअँपियर. गुणाकार १४ मिलिवॅट. तुला वाटेल यात काय आहे, पण तो मेसा किती लहान आहे ते पाय ना, घनफळानं भागलं तर दर घन सेंटिमीटरला ६ लाख वॅट येतात! आणि हा क्रिस्टल उष्णतेच्या बाबतीत एकदम मठ्ठ, उभ्या दिशेनं त्याची थर्मल कंडक्टिव्हिटी जेमतेम ०.६ वॅट प्रति मीटर केल्विन. मेसाच्या खाली २० मायक्रॉन जाड मूळ क्रिस्टल शिल्लक असेल तर एवढ्या पॉवरला त्यातून सरळ खाली उतरायला २० केल्विनचा फरक लागतो, आणि त्याच्याखाली गोंद, सिल्व्हर पेस्ट जे काय लावलं असेल त्याचा वेगळा. आडवी थोडी पसरते म्हणून प्रत्यक्षात जरा कमी, पण अंदाज हाच.

बरं, पॉवर वाढवायला उंची वाढवू म्हणशील, सगळी जंक्शन एका सुरात असली की पॉवर संख्येच्या वर्गानं वाढते हे पुस्तकात लिहिलंच आहे. पण उष्णतेमुळे मेसाच्या आत पडणारा फरकही उंचीच्या वर्गानंच वाढतो. १ मायक्रॉनला तो अर्धा केल्विन आहे, १० मायक्रॉन उंच केला तर ५० केल्विन, म्हणजे खालची जंक्शन गार आणि वरची जवळपास नॉर्मल, म्हणजे सुपरकंडक्टर न राहिलेली, मग कसला एक सूर. म्हणून शहाणे लोक एक उंच मेसा करत नाहीत, दीड-एक मायक्रॉनचेच शेजारी-शेजारी दोन-तीन करतात. २०१३ मध्ये आर्गॉनच्याच मंडळींनी तीन मेसा एकत्र चालवून अर्ध्या टेराहर्ट्झजवळ ०.६१ मिलिवॅट काढले, म्हणजे २००७ च्या हजारपट.

आता तुझ्या १ टेराहर्ट्झकडे ये. दर जंक्शनला व्होल्टेज ०.९२ वरून २.०७, म्हणजे सव्वादोनपट. व्होल्टेज वाढलं की करंटही वाढतो, म्हणून दर घनफळामागे उष्णता पाचपट झाली. वरचे २० केल्विन होते ते झाले १००. मेसा अरुंद असल्यानं बाजूनं थोडी उष्णता सुटते हे खरं, तरी साध्या मेसावर तू करंट वाढवत गेलास की एका जागी व्होल्टेज वाढायचं थांबतं आणि उलटं कमी व्हायला लागतं, करंट-व्होल्टेजचा कर्व्ह मागे वळतो. तुला पाहिजे १.३५ व्होल्ट आणि तो एक व्होल्टच्या आतूनच परत फिरतो. रुंदी ३६ ठेव नाही तर ३५.७ ठेव, तिथं पोचलाच नाही तर काय कामाची?

कर्व्ह मागे काऊन वळतो ते नीट समजून घे. या क्रिस्टलचा उभ्या दिशेचा रेझिस्टन्स तापमान वाढलं की कमी होतो, धातूच्या उलट. मग जिथं जरा जास्त तापलं तिथून जास्त करंट, जास्त करंट म्हणून अजून तापणं. ओलं सोयाबीन गंजीत रचलं की मधोमध तापत जाते आणि बाहेरून हात लावला तर पत्ताही लागत नाही, तसंच हे. मेसाच्या एखाद्या कोपऱ्यात क्रिटिकल टेम्परेचरच्या वर गेलेला डाग पडतो, त्याला हॉटस्पॉट म्हणतात, जर्मनीत ट्युबिंगेनला लेझर मायक्रोस्कोपनं तो २००९ च्या सुमारास प्रत्यक्ष दिसला. अजून एक चांगली पद्धत म्हणजे मेसावर युरोपियमच्या संयुगाची पातळ फिल्म लावायची, अल्ट्राव्हायोलेट पाडला की ती चमकते आणि गरम जागी चमक कमी होते, कॅमेऱ्यात डाग सरकताना दिसतो.

पण हॉटस्पॉट निव्वळ दुश्मन आहे असंही समजू नको. डाग पडल्यावर उरलेला गार भाग रेडिएशन देतच राहतो, डागाचा आकार बदलला की गार भागाची लांबी बदलते, त्यामुळे फ्रिक्वेन्सी थोडी इकडे-तिकडे सरकवता येते आणि लाइनविड्थही, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पसाराही, अरुंद मिळते, कमी करंटच्या भागापेक्षा पुष्कळच चांगली. त्यामुळे डाग कुठे पडावा हे डिझाइनमध्येच ठरवावं, करंट कुठून आत सोडतो त्यावरून तो बराचसा ठरतो. वायर मधोमध चिकटवायची का टोकाला हा निर्णय म्हणून मी तरी कधी टेक्निशियनवर सोडत नाही.

उष्णतेची वाट काढायचा खरा उपाय म्हणजे खालचा मूळ क्रिस्टल काढूनच टाकणे. मेसा सुटा करायचा, वर-खाली सोनं, आणि तो सफायरच्या दोन चकत्यांच्या मधात दाबायचा. वरच्या हिशोबात २० मायक्रॉन जाऊन उरला एकच मायक्रॉन, २० केल्विनचा झाला एक केल्विन, मग उरतो फक्त सांध्यांचा रेझिस्टन्स. अशा सुट्या, गोल मेसातून त्सुकुबाच्या गटानं २०१५ पर्यंत २.४ टेराहर्ट्झपर्यंत मजल मारली. गोल मेसाचं सूत्र वेगळं आहे बरं का, तिथं रुंदीच्या जागी त्रिज्या येते आणि पायच्या जागी १.८४१ हा बेसेल फंक्शनवाला आकडा, अर्ध्या टेराहर्ट्झला त्रिज्या ४२ मायक्रॉनच्या आसपास बसते. तुझ्या १ टेराहर्ट्झला मी सुटाच मेसा घेतला असता, दुसरा विचारच नाही.

आता कडा. हे कोणी आवर्जून सांगत नाही म्हणून सांगतो. मेसा आर्गॉन आयन मिलिंगनं कोरतात, म्हणजे आर्गॉनचे आयन मारून नको तो भाग खरवडून काढायचा. रेझिस्टची, म्हणजे मेसा वाचवायला वर लावलेल्या लेपाची, कडा पण सोबत झिजते त्यामुळे भिंत सरळ उभी येत नाही, तिरपी येते. समज ४५ अंश आली. मग १ मायक्रॉन उंचीला माथा पायथ्यापेक्षा २ मायक्रॉन अरुंद. ८० मायक्रॉनच्या मेसाला हे अडीच टक्के झालं, चालून जाते, कॅव्हिटी ओढून सगळ्यांना एका फ्रिक्वेन्सीवर आणते. पण तुझ्या ३६ च्या मेसाला तेच साडेपाच टक्के होते! करंट सगळ्या थरांतून तोच, वरच्या जंक्शनचं क्षेत्रफळ कमी म्हणून त्यांच्यावर व्होल्टेज जास्त, म्हणून त्यांची फ्रिक्वेन्सी वेगळी, आणि मग अर्धी जंक्शन सोबत आणि अर्धी भटकत. तेव्हा रेझिस्ट जाड घ्यायचा नाही, बीमचा कोन बदलत राहायचा, सॅम्पल फिरवत ठेवायचं, आणि काम झाल्यावर एएफएमनं (बारीक सुईनं पृष्ठभाग चाचपणाऱ्या मायक्रोस्कोपनं) भिंतीचा प्रोफाइल काढायचा, फक्त उंची मोजून खूश व्हायचं नाही.

क्रिस्टलबद्दल जास्त लिहीत नाही, तो तुझ्या हातात नाही, फ्लोटिंग झोन फर्नेसमध्ये वाढवलेला कोणाकडून तरी घ्यावा लागेल. एवढं लक्षात ठेव की ऑक्सिजन थोडा कमी केलेला बरा, ६५० अंश सेल्सियसच्या आसपास आर्गॉनमध्ये तापवून ऑक्सिजन काढतात, त्यानं करंट डेन्सिटी उतरते आणि उष्णताही उतरते. जास्त काढला तर क्रिटिकल टेम्परेचर पडते. आणि चिकटपट्टीनं वरचा पापुद्रा सोलला की लगेच चांदी-सोनं चढवायचं, ताजी सपाटी हवेत ठेवून चहा प्यायला गेला की वरच्या थराचं वाटोळं झालं समज, कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स वाढतो आणि तोही तापायला मोकळा.

नायट्रोजनचं. हाव, पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कंटेनरमध्ये ठेवतात त्यात लिक्विड नायट्रोजनच असते, ७७ केल्विन. आणि नायट्रोजनमध्ये चालणारे बिस्कोचे सोर्स लोकांनी करून दाखवले आहेत, तुझी कल्पना हवेतली नाही. पण ७७ आणि ८५ मध्ये अंतर किती? आठ. साध्या मेसाला २० केल्विन लागतात हे आपण आताच काढलं, म्हणजे तो ९७ वर जाऊन सरळ नॉर्मल होणार. सुटा मेसा, उत्तम सांधे, करंट कमी, असं सगळं जमलं तरच नायट्रोजनमध्ये चालते, आणि पॉवरही कमी मिळते. चांगलं एमिशन बहुतेक २० ते ५० केल्विनच्या पट्ट्यात येते आणि त्याला हीलियम नाहीतर क्रायोकूलर लागतो. क्रायोकूलरचा कॉम्प्रेसर सहा-सात किलोवॅट खातो, थ्री फेज मागतो, आणि आपल्याकडे थ्री फेज शेतीच्या फीडरवर आठ तास, तेही कधी रात्री. एकदा लाइन गेली की कोल्ड हेड गरम, की पुन्हा गार करण्यात अर्धा दिवस. म्हणून खरं मोजमाप करायचं झालं तर इंदूरचं यूजीसी-डीएई केंद्र पाय, विद्यापीठाच्या मुलांनी तिथं लो टेम्परेचरवर मोजमाप करावं यासाठीच ते आहे, गाइडकडून रीतसर प्रपोजल पाठव. आणि दवाखान्यातल्या कंटेनरला हात लावू नको, लेव्हल खाली गेली की कांड्या खराब होतात आणि गावातले गोपालक तुलाच शोधत येतील. नायट्रोजन घ्यायचाच तर वेगळा आण, आणि बंद खोलीत ओतू नको, एका लिटरचे सातशेच्या आसपास लिटर वायू होतात, खोलीतला ऑक्सिजन कमी झालेला समजतही नाही.

मोजताना पोट्टे नेहमी एका गोष्टीत फसतात. बोलोमीटरवर (उष्णतेवरून रेडिएशन मोजणाऱ्या डिटेक्टरवर) सिग्नल दिसला की टेराहर्ट्झ आलं म्हणून नाचतात. अरे, तापलेला मेसा नुसत्या उष्णतेनंसुद्धा सिग्नल देतो. करंट आधी वर न्यायचा, सगळ्या जंक्शनवर व्होल्टेज आलं की हळूहळू खाली आणायचा, परतीच्या वाटेवर ठरावीक व्होल्टेजलाच एक टेकाड दिसलं पाहिजे. मग मधात वायर ग्रिड पोलरायझर फिरव, टेकाड कमी-जास्त झालं तर आशा आहे, कारण नुसती उष्णता पोलराइज्ड नसते. शेवटची कसोटी एफटीआयआर, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल ते दाखवणारा स्पेक्ट्रोमीटर. तिथला पीक, आणि मोजलेलं व्होल्टेज भागिले जंक्शनची संख्या गुणिले ४८३.६, हे जुळलंच पाहिजे. दोन वायरनं मोजत असशील तर कॉन्टॅक्ट रेझिस्टन्सचं व्होल्टेज आधी वजा कर, २-३ ओहम असले तरी २४ मिलिअँपियरला ५०-७० मिलिव्होल्ट होतात, म्हणजे दहा टक्के चूक तिथंच. आणि तू नेमका १ टेराहर्ट्झ निवडला, पाण्याच्या वाफेची एक दणकट रेषा ०.९८८ ला बसली आहे, अजून ०.५५७ आणि ०.७५२ ला. पावसाळ्यात उघड्या हवेतून मोजलं तर डिव्हाइस ठीक असूनही काही दिसणार नाही, वाट कोरड्या नायट्रोजननं भरून घ्यावी लागते.

हीच वाफ तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पाणी टेराहर्ट्झ भरपूर शोषते म्हणून ओलावा मोजता येतो, पानातलं पाणी असं मोजलेलं आहे, तत्त्व पक्कं. पण सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर प्रश्न ८ टक्के की १२ टक्के एवढाच असतो, ८ पर्यंत पूर्ण भाव, वर कपात, १२ च्या पुढे घेतच नाहीत, आणि ते काम गाडीत खुपसायचं साधं मीटर करून राहिलं आहे. त्यासाठी क्रायोकूलर उचलून जिनिंगमध्ये नेणारा माणूस मला तरी माहीत नाही. खोलीच्या तापमानावर चालणारे रेझोनंट टनेलिंग डायोड पण याच पट्ट्यात आहेत, ओलाव्याचं काम कधी झालंच तर त्यांच्याकडून होईल. बिस्कोची जागा आहे ती अरुंद लाइन पाहिजे, फ्रिक्वेन्सी व्होल्टेजनं फिरवता आली पाहिजे आणि तसाही क्रायोस्टॅट आहेच, अशा ठिकाणी, म्हणजे गॅस स्पेक्ट्रोस्कोपी किंवा सुपरकंडक्टिंग रिसीव्हरचा लोकल ऑसिलेटर, म्हणजे रिसीव्हरच्या आत तुलनेसाठी ठेवलेला सिग्नल सोर्स.

प्रोजेक्ट मात्र सोडू नको, त्याचं रूप बदल. गाइडला सांग की दोन तुकडे करतो. एक, बिस्कोची गोळी कॉलेजच्या फर्नेसमध्ये बनवून फोर प्रोबनं क्रिटिकल टेम्परेचर काढणार, ती पॉलिक्रिस्टल असल्यानं त्यातून टेराहर्ट्झ निघणार नाही पण हात बसेल. दुसरा खरा तुकडा कॉम्प्युटरवर: पायथनमध्ये उष्णतेचं समीकरण आणि जंक्शनचं करंट-व्होल्टेज समीकरण एकत्र सोडव, आधी एकाच दिशेत, उंचीच्या, मग लांबी घे. साध्या मेसाचा आणि सुट्या मेसाचा कर्व्ह एकाच आलेखावर काढ आणि दोघांचं जास्तीत जास्त व्होल्टेज किती ते दाखव. फक्त कोडमध्ये उभ्या दिशेचा रेझिस्टन्स कॉन्स्टंट ठेवू नको, तापमानाप्रमाणे बदलता ठेव, आणि थर्मल कंडक्टिव्हिटी उभी वेगळी, आडवी वेगळी घे, आडवी कितीतरी जास्त असते. रेझिस्टन्स कॉन्स्टंट ठेवला तर कर्व्ह मागे वळणारच नाही, हॉटस्पॉटही पडणार नाही, आणि तुझा ३६ मायक्रॉनचा मेसा स्क्रीनवर आरामात १ टेराहर्ट्झ देऊन राहील. पहिले आलेख आले की पाठव, पाहून सांगतो.